आधी पगार, मग बोलणी

सोफाबाईंकडे शिकायला येणाऱ्या नव्या माणसाला पहिल्या दिवसाचा पगार सकाळीच, हातोडीला हात लावायच्या आधी मिळायचा. तो बिचारा भारावून जायचा. काम बघायच्या आधी पैसे देणारी मालकीण कुणी पाहिली आहे? हा गहिवर साधारण वीस मिनिटं टिकायचा. एकविसाव्या मिनिटाला त्याने पहिला खिळा वाकडा मारलेला असायचा आणि बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झालेला असायचा.

बाईंचं खरं नाव पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर ‘सोफे, खुर्च्या, गाद्या – नवीन व दुरुस्ती’ एवढंच होतं, आणि तीस वर्षांत गिऱ्हाइकांनी त्यातूनच त्यांचं बारसं करून टाकलं होतं. कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली. दारात उलट्या करून ठेवलेल्या खुर्च्या, मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल, कोपऱ्यात काथ्याची पोती आणि फोमचे ठोकळे. भिंतीला लागून शिलाई मशीन. शेजारी किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान. बाई कुणाला बोलायला लागल्या की किल्लीवाला आपलं यंत्र बंद करायचा. आवाजाचा त्रास होतो म्हणून करत असेल असं नव्याला वाटे. खरं तर त्याला एक शब्दही चुकवायचा नसायचा.

बाईंच्या बोलण्यात शिवी नसे. आईबाप, अक्कल, रंगरूप यांना त्या हात लावत नसत. त्या खुर्ची उलटी करायच्या आणि पायापासून सुरुवात करायच्या. हा पट्टा ढिला का, हा खिळा तिरका का, हा टाका इथे का, तिथे का नाही, बसणाऱ्याचं हाड कुठे टेकतं हे कधी स्वतः बसून बघितलंस का. तासाभराने ऐकणाऱ्याचे कान लाल झालेले असायचे आणि खुर्ची कशी बनते ते त्याला जन्मभरासाठी कळलेलं असायचं. अशा रीतीने बोलणी खाऊन अकरा जण तिथून बाहेर पडले होते. एकाचं मोटारींच्या सीटांचं दुकान होतं. एक नाट्यगृहाच्या आठशे खुर्च्या सांभाळत होती. आणि बारावा, एक उंच, किडकिडीत माणूस, ज्याला सगळे दाभण म्हणत, बावीस वर्षं झाली तरी गेलाच नव्हता. पोतं शिवायच्या त्या जाडजूड सुईशी त्याचं खरंच साम्य होतं.

“इतकं बोलायचं तर आधी पैसे तरी का देता?” किल्लीवाल्याने एकदा विचारलं होतं.

“पैसे दिल्याशिवाय बोलू कुठल्या तोंडाने?” बाई म्हणाल्या. “फुकट राबणाऱ्याला बोलायचा मला काय अधिकार?”

या नियमामागे दोन वर्षांचं दुखणं होतं. सतराव्या वर्षी बाई एका नावाजलेल्या खुर्चीवाल्याकडे शिकायला लागल्या. उस्ताद बोलायला फार गोड. ‘आधी शीक पोरी, पैसे काय, आयुष्यभर मिळवायचेच आहेत,’ असं म्हणायचा आणि एक जुनी खुर्ची नि एक पकड पुढ्यात ठेवायचा. जुने खिळे उपटायचे, बस. बाईंनी दोन वर्षं खिळे उपटले. मधूनच हौसेने एखादा टाका घातला आणि तो चुकला, तर उस्ताद हसून म्हणायचा, ‘राहू दे, मी करतो.’ त्याचं काय जात होतं? फुकटचा हात, सुधारला काय आणि बिघडला काय. दोन वर्षांनी बाईंना जगातली कुठलीही खुर्ची उसवता येत होती आणि एकही शिवता येत नव्हती.

मग त्या बसच्या सीटा शिवणाऱ्या एका तिरसट म्हातारीकडे गेल्या. म्हातारीने पहिल्या दिवशी पगार ठरवला आणि पहिल्या तासात पाणउतारा केला. ‘मी तुला पैसे देते, आणि तू मला हे देतेस?’ असं म्हणून तिने बाईंनी शिवलेली सीट त्यांच्याच अंगावर फेकली. आठ महिन्यांत बाई सगळं शिकल्या. फुकटात माया मिळते, विद्या मिळत नाही, हे त्यांनी तेव्हा मनाशी पक्कं केलं.

नियम त्यांनी एकदाच मोडला होता. दिराचा मुलगा शिकायला आला, तेव्हा ‘घरचाच आहे, त्याला कसला पगार’ असं सगळ्यांचं म्हणणं पडलं आणि बाईही भिडेला बळी पडल्या. वर्षभर त्यांना त्या पोराला एक अक्षर बोलता आलं नाही. त्याने सोफ्याला पाय उलटे लावले, बाई गप्प. त्याने निळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याचे टाके घातले, बाई गप्प. शब्द गिळून गिळून त्यांचा जबडा दुखायला लागला. शेवटी तो विमा विकायला निघून गेला. खुर्चीवर बसण्यात मात्र तो वर्षभरात तरबेज झाला होता.

आता बाईंची भाची. थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. केसांच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असायची, म्हणून बाई तिला पेन्सिलच म्हणायच्या. पोर लहानपणी सुट्टीभर कारखान्यात पडून खुर्च्यांची चित्रं काढायची. पुढे तिने फर्निचर डिझाइनचं रीतसर शिक्षण घेतलं आणि एका मोठ्या स्टुडिओत इंटर्न म्हणून लागली. तीन महिने बिनपगारी, मग बघू, असं ठरलं होतं. तीन महिने झाले, मग सहा झाले, आता नववा चालू होता आणि स्टुडिओचं अजून बघून झालं नव्हतं.

एका रविवारी बाई बहिणीकडे जेवायला गेल्या होत्या.

“तिथे काम काय करतेस ग?” त्यांनी विचारलं.

“सॅम्पल बोर्ड,” पेन्सिल म्हणाली. “कापडांचे, चामड्यांचे चौकोन कापायचे आणि बोर्डावर सरळ रेषेत लावायचे. क्लायंटला दाखवायला.”

“नऊ महिने?”

“मधे दोन आठवडे कॅटलॉगच्या पानांवर नंबर घातले.”

“आणि चुकलीस तर बोलतं कोण?”

“कोणी नाही बोलत. आमच्याकडे आवाजच चढवत नाहीत. सर म्हणतात, आपण एक कुटुंब आहोत.”

“नऊ महिन्यांत एकदाही नाही?”

“एकदाही नाही,” पेन्सिल अभिमानाने म्हणाली.

 बाईंना ती जुनी पकड आठवली आणि उस्तादाचं हसू आठवलं. पण बहीण कौतुकाने लेकीकडे बघत होती.

“बघ, किती सभ्य माणसं आहेत,” ती म्हणाली. “नाहीतर तू. आणि आता तर या महिन्यात सात जणांतल्या एकाला पक्की नोकरी देणार आहेत. बाहेरच्या खोलीसाठी नवा सोफा करायचाय, त्याचं चित्र सगळ्यांनी काढलंय. ज्याचं सरांना पसंत पडेल, तो पक्का.”

पेन्सिलने टेबलाच्या कडेला बोट घासलं. “मावशी, या वेळी तरी व्हायला हवं ग. माझ्याबरोबरचे सगळे कुठे ना कुठे लागले. आईला अजून किती दिवस खर्चाला मागू?”

ती हे हसत म्हणाली, पण बाईंना त्या हसण्यामागचं ऐकू आलं. तिचं व्हावं, अगदी त्या गोडबोल्यांकडे का होईना, पण व्हावं, असं त्या मनातल्या मनात म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात स्टुडिओतून कारखान्यात फोन आला. नवा सोफा बनवून घ्यायचा आहे, बघायला याल का. त्या भागात मापाचे सोफे करणाऱ्या बाई एकट्याच होत्या, त्यामुळे यात योगायोग फारसा नव्हता. बाईंनी ठेवणीतले कपडे घातले, टेप गळ्यात अडकवली आणि दाभणला बरोबर घेतलं. वाटेत त्याला बजावलं, “पोरगी दिसली तरी ओळख द्यायची नाही. तिच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

स्टुडिओ काचेचा होता. भिंती काचेच्या, दारं काचेची, आणि सगळीकडे अशी शांतता की दाभणला स्वतःच्या चपलांची लाज वाटली. आतल्या लांब टेबलाशी सात तरुण मुलंमुली बसली होती. प्रत्येकाच्या गळ्यात फीत, फितीला फोटोचं कार्ड. पेन्सिलने मावशीला पाहिलं आणि ती चौकोन कापण्यात इतकी बुडाली की कात्रीने एक कोपराच उडाला.

बाहेरच्या खोलीत एक जुना लांबलचक सोफा होता. बाई सवयीने आधी त्यावर बसल्या आणि हळूहळू उजवीकडे कलंडल्या. दाभण बसला, तोही कलंडला. सोफ्याची डावी बाजू दबतच नव्हती.

“सगळ्यांचं असंच होतं,” सर म्हणाले. हे सर म्हणजे स्टुडिओचे मालक. मऊ आवाज, मऊ बूट. “हा सोफा काढूनच टाकायचाय. त्याच्या जागी हा.”

त्यांनी भिंतीवरचं मोठं चित्र दाखवलं. पांढराशुभ्र, गोलसर सोफा, वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखा. बैठक कुठे संपते आणि पाठ कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

“एकसंध,” सर म्हणाले. “कुठेही फट नाही. फटीत कचरा जातो. आजच सकाळी निवडलं आम्ही हे.”

बाईंनी चित्राकडे बघितलं. जवळ जाऊन बघितलं. मग टेपने चित्रच मोजलं.

“साहेब, कापड ओढायचं कुठून?”

“म्हणजे?”

“बैठक आणि पाठ यांच्यामध्ये दोन बोटं फट लागते. कापड त्या फटीतून आत जातं, मागच्या बाजूने ओढून चौकटीवर ठोकतात. फट नसेल तर कापड कोपऱ्यात नुसतं चिकटवावं लागेल. आणि पहिला माणूस बसला की फोम दबणार, कापड ताणलं जाणार आणि टर्रकन निघणार. हा सोफा काढता येतो, बनवता येत नाही.” एव्हाना बाईंचा आवाज चढू लागला होता आणि जीभ शिवशिवू लागली होती. “कोणी काढलंय हे?”

लांब टेबलाशी सगळे खाली बघू लागले. मग एक मुलगी उभी राहिली. तिच्या अंबाड्यात पेन्सिल होती.

 निवड झाली होती ती हिची. आणि बाईंच्या तोंडात तर आता चांगलाच ऐवज जमा झाला होता. फटीपासून पायांपर्यंत, पाठीच्या कोनापासून कापडाच्या विणीपर्यंत, चित्रात त्यांना एकूण चौदा चुका दिसत होत्या. गिळावं तर जबडा दुखणार, बोलावं तर पोरीची नोकरी. पण चित्र भिंतीवर होतं, डोळ्यांसमोर होतं, आणि बाईंचा स्वभाव काही त्या ठेवणीतल्या कपड्यांबरोबर बदललेला नव्हता.

“साहेब, हिला पगार किती?” त्यांनी विचारलं.

“पगार असा नाही. ती इंटर्न आहे. शिकतेय.”

“म्हणजे काहीच नाही?”

“अनुभव मिळतोय ना.”

“मग मला हिला बोलता यायचं नाही,” बाई म्हणाल्या आणि सरांकडे वळल्या. “तुम्हाला मिळतात ना पैसे? बसा.”

सर बसले. कलंडले. आणि बाईंनी सुरुवात केली.

लेकी बोले सुने लागे, यातली ती रीत. बाईंनी सरांना विचारलं की बसणाऱ्या माणसाचे गुडघे कुठे येतात ते बघितलं का. सरांनी बघितलं नव्हतं. पाठ इतकी सरळ असेल तर माणूस सोफ्यावर बसतो की भिंतीला लावून ठेवला जातो. सर म्हणाले, मुद्दा चांगला आहे. पांढरं कापड आडवं लावायचं की उभं, धागा कुठल्या बाजूला ताणतो, स्प्रिंगा घालणार का पट्टे, आणि पट्टे घालणार तर खालची चौकट इतकी नाजूक कशी काढली. सरांनी चित्राकडे बघितलं. चित्र निवडलंत, तर त्याआधी एकदा तरी या पोरांना एखादा सोफा उलटा करून दाखवलात का. सर आणखी थोडे कलंडले. खुद्द तुम्ही उलटा केलेला सोफा शेवटचा कधी बघितलात. सरांनी घड्याळाकडे बघितलं.

आणि लांब टेबलाशी मात्र काहीतरी विलक्षण चाललं होतं. सातही जण भराभरा लिहून घेत होते. एकाने तर वर्गात करतात तसा हात वर केला.

“दोन बोटं म्हणजे किती मिलिमीटर?”

“बोटं कोणाची त्यावर आहे,” बाई म्हणाल्या. “ही माझी घे.” त्यांनी दोन बोटं त्याच्या वहीवर टेकवली आणि त्याने भोवतीने रेघ ओढून घेतली. मग बाकीच्यांनीही वह्या पुढे केल्या.

पंधरा मिनिटांनी बाई थांबल्या, कारण चौदा चुका संपल्या होत्या. सर उठले. त्यांचं हसू जागच्या जागी होतं, फक्त गार झालं होतं.

“आपण असं करू,” ते मऊ आवाजात म्हणाले. “नवा सोफा सध्या राहू दे. हा जुनाच दुरुस्त करून द्या.” मग पेन्सिलकडे बघून म्हणाले, “तुझं शिकणं थोडं बाकी दिसतंय. हरकत नाही. आणखी तीन महिने बघू.”

पेन्सिल “थँक यू, सर” म्हणाली. बाईंनी ते ऐकलं, आणि गळ्यातली टेप गुंडाळत त्या बाहेर पडल्या.

त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ती रडत होती, त्यामुळे तिचं बोलणं नीट कळत नव्हतं, पण सार कळत होतं. हातातोंडाशी आलेला घास बाईंनी हिरावला होता. चित्र चुकीचं होतं तर होतं, नंतर गुपचूप सांगता आलं नसतं का. एक दिवस, फक्त एक दिवस त्या तोंडाला आवर घालता आला नाही.

“ताई, खरंच चुकलं माझं,” बाई म्हणाल्या.

“आता तूच निस्तर. तुझ्याकडे ठेव तिला, शिकव काय शिकवायचं ते. घरचीच आहे, एक पैसासुद्धा नको आम्हाला.”

“तेच तर नको ना,” बाई म्हणाल्या, पण फोन ठेवला गेला होता.

पुढचे दोन दिवस कारखान्यात बोलणी झाली नाहीत. बाई यायच्या, मशीनवर बसायच्या, शिवायच्या, जायच्या. आपण पोरीचं वाटोळं केलं, हे त्यांच्या मनातून जाईना. बोलून का होईना, माणूस घडतं असा त्यांना गर्व होता, आणि पहिल्यांदाच बोलून माणूस मोडलं होतं, तेही स्वतःच्या बहिणीचं लेकरू. किल्लीवाला दोन वेळा यंत्र बंद करून बसला आणि काहीच ऐकू न आल्याने परत कामाला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी दाभणने मुद्दाम, बाईंच्या डोळ्यांदेखत, एक खिळा वाकडा मारला. मुद्दाम मारलेला, बावीस वर्षांतला पहिला.

बाईंनी बघितलं. “असू दे,” म्हणाल्या.

दाभणने हातोडी खाली ठेवली. “डॉक्टरकडे जायचं का आपण?” त्याने विचारलं.

तिसऱ्या दिवशी टेम्पोतून तो कलंडणारा सोफा आला. सोबत देखरेखीला म्हणून स्टुडिओने पेन्सिलला पाठवलं होतं. तिच्या सुट्टीचा दिवस होता, पण कुटुंबात सुट्टी कसली. गळ्यात कार्ड होतं आणि खांद्यावर चित्राची गुंडाळी. ती मावशीशी बोलली नाही. बाईही तिच्याशी बोलल्या नाहीत. दोघी दाभणशी बोलत होत्या, त्यामुळे दाभण भलताच महत्त्वाचा माणूस होऊन बसला.

सोफा उलटा केला. बाईंनी एक पत्र्याचा डबा आणून खाली ठेवला. त्यांच्याकडची ती रीतच होती: सोफ्याच्या पोटातून जे निघेल ते डब्यात, आणि डबा सोफ्याबरोबर मालकाला परत. आजवर गुंड्या, कंगवे, चाव्या, एक कवळी आणि एक न पाठवलेलं प्रेमपत्र अशा गोष्टी परत गेल्या होत्या. प्रेमपत्र नवऱ्याच्या हाती देऊ नये एवढं मात्र बाई त्यातून शिकल्या होत्या.

दाभणने खालचं कापड कापलं. आणि डाव्या बाजूने कार्डं पडू लागली. एक, दोन, मग झुपका. फितीसकट, गुंडाळून, स्प्रिंगांमध्ये ठासून बसलेली. डावी बाजू का दबत नव्हती ते आता कळलं. दाभणने ती टेबलावर ओळीने मांडली. त्रेचाळीस कार्डं. प्रत्येकावर एक तरुण, हसरा चेहरा, खाली ‘इंटर्न’ आणि साल. जुन्यांत जुनं नऊ वर्षांपूर्वीचं होतं.

“हे काय आहे?” बाईंनी दाभणला विचारलं.

“ती पद्धत आहे,” पेन्सिल दाभणला म्हणाली. “शेवटच्या दिवशी जाताना प्रत्येक जण थोडा वेळ सोफ्यावर बसतो आणि कार्ड फटीत टाकून जातो. परत करायचं असतं खरं तर, पण कोणी करत नाही. मला आधीच्या मुलीने सांगितलं होतं. तिला तिच्या आधीच्याने.”

“जो जातो तो टाकतो,” बाई म्हणाल्या. या वेळी थेट तिलाच म्हणाल्या. “आणि जो पक्का होतो, तो काय करतो?”

पेन्सिलने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग ती कार्डांच्या ओळीवरून एकेक चेहरा बघत गेली. 

“पक्का झालेला कोणी मला माहीत नाही,” ती म्हणाली.

 शेजारी किल्लीवाल्याचं यंत्र केव्हाच बंद झालं होतं. पेन्सिलने गळ्यातली फीत काढली, कार्डाभोवती नीट गुंडाळली आणि ओळीच्या शेवटी ठेवली.

“चव्वेचाळीस,” ती म्हणाली. “यांचा डबा मीच नेऊन देते.”

तिचे डोळे भरले होते. बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्यांनी घेतलंही, पण थोडाच वेळ. मग त्या गल्ल्याकडे गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या.

“हे काय?”

“आजच्या दिवसाचा पगार. उद्यापासून रोजचा. तीन महिने सकाळी हाताने काम करायचं, दाभणबरोबर. दुपारी चित्रं काढायची, आणि काढशील ते बनवून बघायचं. तीन महिन्यांनंतर तुला इथे अडकवणार नाही. बनवलेले सोफे दाखवून नोकरी माग, आणि कुठेही पाऊल टाकायच्या आधी पगार विचार.”

“आई म्हणाली, मावशीकडून पैसे घ्यायचे नाहीत. आपण घरचे.”

“तुझ्या आईला मी नंतर बघते. खिशात टाक.”

पेन्सिलने पाकीट खिशात टाकलं.

“नीट टाक. पडेल. टाकलंस?”

“टाकलं.”

“मग ते चित्र उघड.”

चित्र कापड बेतायच्या टेबलावर पसरलं गेलं. बाईंनी त्याच्या चार कोपऱ्यांवर कातर, हातोडी, पकड आणि दोऱ्याचं रीळ ठेवलं. केस मागे सारले. दाभणने बाहेर जाऊन किल्लीवाल्याला खूण केली आणि दोघे दारातल्या खुर्च्या सुलट्या करून बसले. बाईंनी श्वास घेतला.

“तुला बोलायचं ते तीन दिवस गिळून बसलेय मी,” त्या म्हणाल्या आणि मग जी सुरुवात झाली, ती चार वाजल्यापासून साडेपाचपर्यंत थांबली नाही. चौदा चुकांच्या एकवीस झाल्या. फट का नाही. पाय इथे का. कधी बसून बघितलंस का. चार वर्षं शिकलीस आणि कापड कुठून आत जातं ते कोणाला विचारावंसं वाटलं नाही. अंबाड्यात पेन्सिल खोचलीस तशी डोक्यातही एखादी खोच. हे शेवटचं खरं तर नियमात बसत नव्हतं, पण बाई रंगात आल्या होत्या. पेन्सिलचे कान लाल झाले. तिने खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं, आणि दोन बोटं टेकवून पाठीखाली फट आखली. मधेच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तरीही ती आखतच राहिली.

अखेर बाई दम खायला थांबल्या. लेकराला फार लागलं की काय, असं वाटून त्यांनी आवाज खाली आणला.

“रडू नकोस ग. माझं तोंडच तसलं आहे.”

“तुझ्या तोंडाचं नाही काही,” पेन्सिल नाक पुसत म्हणाली. “मावशी, नऊ महिन्यांत माझं चित्र कोणी इतका वेळ बघितलंच नव्हतं.”

 बाईंनी चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि कातर, हातोडी, पकड बाजूला सारून कागद आपल्याकडे ओढला.

“आत्ता कुठे पुढची बाजू झाली आहे,” त्या म्हणाल्या. “मागची काढ.”